वाह्याचे पाच दिवस

घणसोली गावात शेतीचा बैल आता दिसत नाही. ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावरचं हे आगरी-कोळ्यांचं गाव. भात, मीठ आणि मासळी यांवर हा सगळा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या जगला. १९७० साली सिडको हे शहर उभारणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं, नवी मुंबई या नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या, आणि शेतामागोमाग गोठाही गेला. गोठ्याच्या जागी आता एमएच-४३ पाटीची गाडी उभी असते. बोळ इतका अरुंद, की आरसे मिटल्याशिवाय ती बाहेर निघत नाही. अशा कित्येक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या असतात, डीलरकडून घेतलेल्या. ‘फर्स्ट ओनर आहे, कंपनी मेन्टेन्ड आहे, गाडी एकदम टाइट आहे’ हे शब्द ऐकून टोकन दिलेलं असतं. महिन्याभरात गिअर अडकायला लागला किंवा इंजिनात तेल उतरायला लागलं, की तोच डीलर म्हणतो, ‘जुनी गाडी आहे, बघून घेतलीत ना?’ घेणाऱ्याला वाटतं, खरंच, आपण बघून घेतली, आता बोलायला जागा नाही. ‘बघून घेतली म्हणजे विषय संपला’ ही समजूत या भूमीत पुरातन नाही. ती इंग्रजी कायद्याबरोबर आली आणि गेली शंभर वर्षं कायदा तिला टप्प्याटप्प्याने मागे रेटतो आहे. मात्र एक गोष्ट त्याने अजून परत दिलेली नाही, ती म्हणजे परीक्षेचे दिवस.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात खरेदीनंतर वस्तू पारखून पाहण्याची मुदत दिली आहे. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन आणि ‘वाह्या’ला, म्हणजे ओझं वाहणाऱ्या जनावराला, पाच. नारदस्मृतीतही हीच कल्पना आहे. मुदतींमागचा विचार सरळ आहे: ज्या वस्तूचा दोष जितक्या वेळात उघडा पडतो तितका वेळ घेणाऱ्याला मिळाला पाहिजे. लोखंड एका दिवसात वाकवून पाहता येतं. बियाणं उगवतं की नाही हे कळायला आठवडा उलटावा लागतो. बैल जोताला धरल्याशिवाय त्याची खोड कळत नाही, म्हणून त्याला पाच दिवस. सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्याला किमतीच्या दुप्पट दंड, असंही याज्ञवल्क्य सांगतो. घणसोलीच्या वाचकाला यात जवळचं वाटावं असं एक सूत्र आहे. या स्मृतीवरच्या गाजलेल्या टीकांपैकी ‘अपरार्क’ ही टीका उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या राजा अपरादित्याच्या नावावर आहे, आणि तिचा काळ बारावं शतक मानला जातो. त्या राजांचं एक मुख्य ठिकाण ‘स्थानक’ म्हणजे आजचं ठाणं. वाह्याच्या पाच दिवसांचा विचार झाला तो याच खाडीच्या काठावरच्या राज्यात.

इथे दोन हरकती येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिली अशी, की त्याच श्लोकात दास आणि दासी यांच्या ‘परीक्षे’चीही मुदत आहे. माणसाला बैलाच्या रांगेत बसवणाऱ्या ग्रंथाचा गौरव का करायचा? करायचाच नाही. त्या समाजव्यवस्थेला आदर्श मानण्याची गरज नाही. पुरावा म्हणून एवढंच घ्यायचं, की विकणाऱ्याला जे ठाऊक असतं ते घेणाऱ्याला पहिल्या दिवशी ठाऊक नसतं, हे इथल्या विधिशास्त्राला फार आधी कळलं होतं. दुसरी हरकत, की स्मृतीत लिहिलं म्हणून बाजारात तसं होत होतं कशावरून? हा प्रश्न रास्त आहे, आणि श्लोक एवढाच पुरावा असता तर हात आखडता घ्यावा लागला असता. पण बैलबाजाराची भाषा बघा. आदत, दुसा, चौसा, जुळलेला: बैलाचं वय सांगणारे हे शब्द दातांवरून आले आहेत, कारण गिऱ्हाईक जबडा उघडून दात मोजत असे. भाव हेड्याच्या, म्हणजे जनावरांच्या दलालाच्या, रुमालाखाली बोटं धरून ठरे, चारचौघांपासून झाकलेला. जनावर मात्र उघड्यावर चालवून, जुंपून बघितलं जाई. बसणारा, मारका, बुजरा अशा एकेका खोडीला वेगळं नाव आहे. जिथे दोषांना इतकी नावं असतात तिथे दोष विचारण्याची आणि सांगण्याची रीतही असते. ‘खात्रीचा बैल’ हा शब्दच मुळी विकणाऱ्याच्या जबाबदारीतून आला आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याने पाया बदलला. त्याचं सतरावं कलम फसवणुकीची व्याख्या करतं आणि खाली उदाहरणं देतं. यांतली बहुतेक उदाहरणं घोड्याची आहेत आणि ती आजही लागू आहेत. लिलावात एकाने दुसऱ्याला घोडा विकला. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, पण तो गप्प राहिला. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. याज्ञवल्क्याने ज्याला दुप्पट दंड सांगितला असता तो माणूस इथे निर्दोष सुटतो, फक्त तोंड मिटून राहिल्यामुळे. हा विचार इंग्लंडचा. तिथे १६०३ च्या सुमारास चँडेलर विरुद्ध लोपस हा खटला झाला. बेझोअर नावाचा औषधी मानला जाणारा खडा शंभर पौंडांना विकला गेला आणि तो खोटा निघाला. न्यायालयाने म्हटलं, तो खरा असल्याची ‘हमी’ विकणाऱ्याने दिली नव्हती. घेणाऱ्याने सावध राहावं, हे तत्त्व तिथे रुजलं आणि जहाजातून इथे आलं.

पण त्याच सतराव्या कलमात आणखी एक उदाहरण आहे, आणि जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ते पाठ करावं असं मला मनापासून वाटतं. घेणारा विकणाऱ्याला म्हणतो: तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालेन. विकणारा गप्प राहतो. इथे मात्र गप्प राहणं म्हणजे बोलणंच. न विचारता मिळालेली शांतता डीलरला वाचवते. विचारल्यावर मिळालेली शांतता त्याला बांधते. व्हॉट्सॲपवर लिहिलेली एक ओळ बघा: ‘गाडी ठोकलेली नाही, पाण्यात बुडालेली नाही, मीटर मागे केलेला नाही, असं मी समजतो, तसं नसेल तर कळवा.’ तिला उत्तर आलं नाही तरी ती कोऱ्या कागदापेक्षा फार मोलाची असते. दीडशे वर्षांपूर्वी घोड्यासाठी लिहिलेला हा दाखला आजच्या गाडीला जसाच्या तसा लागतो.

१९३० च्या माल विक्री कायद्याने पुढचं पाऊल टाकलं. त्याच्या सोळाव्या कलमात मूळ नियम तोच राहिला, की गुणवत्तेची गृहीत हमी नाही. पण त्याला मोठे अपवाद जोडले गेले. कोणत्या कामासाठी वस्तू हवी हे सांगितलं असेल आणि त्या मालाच्या व्यापाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली असेल, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे. त्या मालाचा व्यापारी वर्णनावरून वस्तू विकत असेल, तर ती बाजारात चालण्याजोगी असली पाहिजे. घेणाऱ्याने तपासणी केली असेल तर त्या तपासणीत दिसायला हवे होते तेवढेच दोष वगळले जातात. ‘बघून घेतलीत ना’ याचं कायद्यातलं माप एवढंच आहे. बघून जे दिसतं ते तुमचं. जे बघून दिसणारच नव्हतं त्याचा प्रश्न खुला राहतो.

न दिसणारं म्हणजे काय, याचा आपल्याकडचा दाखला पाण्याचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर असंख्य गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन, पुसून, नवी सीटकव्हरं घालून उभी केली की ती देखणी दिसते. सीटबेल्ट मात्र शेवटपर्यंत ओढून बघावा. जो भाग एरवी गुंडाळीच्या आत असतो त्यावर गढूळ पाण्याची पुसट, वेडीवाकडी रेघ राहिलेली असते. पायाखालचा गालिचा उचलला तर सीटच्या बोल्टांवर तांबेरा, स्टेपनीच्या खळग्यात वाळलेला गाळ. वायरिंगच्या जोडांमधला गंज मात्र मेकॅनिकने उघडल्याशिवाय कळत नाही. एखाद्या सकाळी गाडी अचानक बंद पडते तेव्हाच तो कळतो. शोरूमच्या दारात, चकचकीत बॉनेटवरून हात फिरवत दहा मिनिटांत हे ‘बघून घ्यायला’ सांगणं हा अन्याय आहे.

इतकं असूनही १९३० चा कायदा सामान्य माणसाच्या उपयोगी पडला नाही, कारण त्यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं जावं लागे. न्यायाचं दार उघडण्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. गायक-संगीतकार सुधीर फडके आणि क्रिकेटपटू माधव मंत्री यांच्यासारखी माणसं तिच्यात होती. २४ डिसेंबर १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे अशा चळवळींचा रेटा होता. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. गाडी पुण्याहून आणली असली तरी घणसोलीकराला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही; मुदत दोन वर्षांची. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी टॅक्सी किंवा टेम्पो घेणाराही ग्राहकच मानला जातो. कारखान्यांना लागून वसलेल्या गावात ही तरतूद फार महत्त्वाची आहे.

डीलरची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, गाडी माझी नव्हतीच, मी फक्त मधला माणूस. आरसीवर नाव दुसऱ्याचं. पूर्वी या युक्तिवादात दम होता. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतले बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घेणं बंधनकारक झालं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नोंदवली, की डीलर ‘मानीव मालक’ ठरतो. वस्तू व सेवा करही जुन्या गाडीवर डीलरच्या नफ्याच्या फरकावर आकारला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने तो सरसकट १८ टक्के करण्याची शिफारस केली. खरेदी-विक्रीतला फरक ज्याच्या खिशात जातो आणि ज्याच्याकडून त्यावर कर घेतला जातो, तो तक्रारीच्या वेळी तेवढा मध्यस्थ कसा ठरेल?

त्याची दुसरी बाजू अधिक खरी आहे. जुनी गाडी झिजलेलीच असते. प्रत्येक दुरुस्ती माझ्या माथी मारली तर धंदाच बंद होईल. इंग्लंडच्या न्यायालयांनी याच प्रश्नावर रेघ ओढली. १९६५ च्या खटल्यात क्लचमध्ये थोडा बिघाड आहे हे आधी सांगून विकलेल्या जुन्या जॅग्वारबद्दल विक्रेता सुटला, दुरुस्तीचा खर्च अंदाजापेक्षा जास्त आला तरी. १९७५ मध्ये दुसऱ्या एका जुन्या जॅग्वारचं इंजिन तीन आठवड्यांत निकामी झालं. ते विक्रीच्या वेळीच जीर्ण झालेलं होतं, म्हणून तिथे विक्रेता अडकला. फरक झिजेचा नाही. विकताना गाडी काय अवस्थेत होती आणि काय सांगितलं गेलं याचा आहे. आणि धंदा बुडण्याबद्दल बोलायचं, तर जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांचाच दाखला घेऊन दाखवलं, की चांगली-वाईट गाडी घेणाऱ्याला ओळखता येत नसेल तर तो सगळ्याच गाड्यांना पडता भाव देतो, आणि मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातूनच उठतो. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. प्रामाणिक डीलरचा खरा शत्रू ग्राहक आयोग नसून मीटर मागे करणारा शेजारचा डीलर आहे.

राहतो तो सहीचा कागद: ‘जशी आहे तशी घेतली, पुढे तक्रार नाही.’ माल विक्री कायद्याच्या बासष्टाव्या कलमानुसार गृहीत अटी करारातून वगळता येतात, हे मान्य केलंच पाहिजे. पण खोटं सांगितलेलं त्या सहीने खरं होत नाही. जुना माल नवा म्हणून विकणं, दर्जाबद्दल दिशाभूल करणं या गोष्टी ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहेत, आणि त्या कायद्याचे उपाय इतर कायद्यांच्या जोडीने मिळतात. तरीही सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावरच राहतो. इंग्लंडने २०१५ च्या कायद्याने व्यापाऱ्याकडून घेतलेल्या जुन्या गाडीलाही परत देण्यासाठी तीस दिवस दिले. त्यानंतरही, गाडी मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो मुळातच होता असं, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. ज्या देशाने आपल्याला गप्प घोडेविक्याचं उदाहरण दिलं त्याने स्वतःचा नियम बदलला. आपल्याकडे सदोष माल पावतीवरच्या मुदतीत, ती लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे; पण जुनी गाडी पारखून पाहण्याची अशी वेगळी मुदत नाही. साधन मात्र तयार आहे: २०२३ च्या नियमांनुसार डीलरने ताब्यातल्या गाडीच्या प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवायची असते, ती कशासाठी नेली, कोणी चालवली, किती किलोमीटर धावली. ही नोंदवही पावतीसोबत घेणाऱ्याच्या हाती द्यावी, आणि त्याच पावतीवर गाडी मेकॅनिककडे उघडून बघण्यासाठी निदान पाच दिवसांची तारीख घालावी.