हळद आणि हरपलेली स्मृति

आमच्या उंब्रजास तारळी नदी कृष्णेला मिळते. त्या संगमावर माझे थोरले बंधु चाळीस वर्षें नित्य स्नानास जात. दोन वर्षांपूर्वी एके सकाळीं परततांना ते वाटेंतच उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यास स्वतःच्याच घराची वाट विचारूं लागले. ज्यांनीं गांवांतील दोन पिढ्यांकडून औटकीपर्यंत पाढे घोटून घेतले, त्यांची ही अवस्था! कऱ्हाडच्या डॉक्टरांनीं आल्झायमरचा विकार असल्याचें सांगून गोळ्या लिहून दिल्या. वहिनींनीं मात्र त्या गोळ्या फडताळांत ठेवून रोज रात्रीं हळदीचें दूध देण्यास आरंभ केला. "ऋषिमुनींनीं सांगितलेलें आहे, भावजी," असें त्यांचें म्हणणें. तें कोणीं, कोठें व केव्हां सांगितलें, याचा शोध घेण्याचें मीं त्या दिवशीं मनावर घेतलें.

चरकसंहितेंत बुद्धि व स्मृति वाढविणारीं म्हणून चार रसायनें सांगितलीं आहेत: मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचें चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. या चोहोंत हळदीचें नांव नाहीं! ती त्या ग्रंथांत कुष्ठघ्न व विषघ्न औषधांत आढळते. (मंडूकपर्णीलाच आपल्याकडे पुष्कळजण ब्राह्मी म्हणतात, आणि दुसऱ्याहि एका वनस्पतीस तेंच नांव आहे; पण तो वाद निराळा.)

मग हळदीचा स्मृतीशीं संबंध जुळला कसा? १८१५ सालीं फोगेल व पेल्त्ये या रसायनज्ञांनीं हळदींतील पिवळें द्रव्य वेगळें काढलें, तेंच कुर्क्युमिन. पुढें १९०६ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें डॉ. आलोइस आल्झायमर यांनीं एका बाईची हकीगत विद्वानांपुढें मांडली. पन्नाशीच्या सुमारास तिची स्मृति गेली होती. मृत्यूनंतर तिचा मेंदु तपासतां त्यांत विचित्र साके व तंतूंचे गुंते दिसले. क्रेपेलिन यांनीं १९१० सालीं आपल्या ग्रंथांत या रोगास आल्झायमरचें नांव दिलें. योगायोग असा कीं, कुर्क्युमिनची रासायनिक घडणहि त्याच वर्षीं मांडली गेली. परंतु या दोन गोष्टींची गांठ पडण्यास आणखी जवळजवळ शंभर वर्षें जावीं लागलीं. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें कीं, असला विकार जडविलेल्या उंदरांना कुर्क्युमिन दिलें असतां त्यांच्या मेंदूंतील साके कमी झाले.

हें वृत्त आमच्या कृष्णाकांठास गोड वाटावें यांत नवल नाहीं. सांगलीची पेठ हळदीची. शेजारच्या हरिपुरास जमिनीच्या पोटांत पेवें खणून हळद सांठविण्याची जुनी रीत. त्याच २००५ च्या महापुरांत या पेवांची फार हानि झाली, हें दुर्दैव. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तेथल्याच संशोधकांनीं छत्तीस रुग्णांवर चोवीस आठवडे प्रयोग केला: कांहींना रोज दोन ग्रॅम कुर्क्युमिन, कांहींना चार, तर कांहींना नुसतीच पोकळ गोळी. २०१२ सालीं निष्कर्ष आला. गुण पडला नव्हता. रक्तांत हें द्रव्य उतरतेंच फार थोडें. शिवाय शंभर ग्रॅम हळदींत कुर्क्युमिन असतें तीन ग्रॅमांच्या आसपास. त्रैराशिक मांडा: दोन ग्रॅमांसाठीं रोज सुमारें पासष्ट ग्रॅम हळद हवी! वहिनींचा चमचा जेमतेम तीन ग्रॅमांचा. २०१८ सालीं, अधिक सुलभपणें रक्तांत उतरणारें कुर्क्युमिन अठरा महिने घेतलेल्यांची स्मृति सुधारल्याचें एका प्रयोगांत दिसलें खरें. पण त्यांतील चाळीस माणसांपैकीं कोणासहि हा रोग नव्हता, आणि चाळीस म्हणजे आमच्या शाळेंतला एक वर्ग.

वनस्पतींनीं या रोगांत कांहींच दिलें नाहीं, असें मात्र नाहीं. हिंवाळा सरतां सरतां उमलणाऱ्या स्नोड्रॉप नांवाच्या पांढऱ्या फुलझाडापासून १९५० नंतर रशियन व बल्गेरियन संशोधकांनीं गॅलँटामिन काढलें. प्रथम तें पोलिओच्या रुग्णांना दिलें जाई. २००१ सालीं अमेरिकेंत तें आल्झायमरसाठीं मान्य झालें. मेंदूंत स्मृतीच्या कामीं येणारें एक द्रव्य लौकर नष्ट होऊं नये, एवढेंच तें करतें. रोग थांबत नाहीं. लक्षणें कांहीं काळ सौम्य होतात.

फडताळांतली डॉक्टरांची चिठ्ठी मीं चष्मा लावून वाचली. औषधाचें नांव तेंच होतें.

"वहिनी, ही गोळीहि मुळांत झाडपाल्याचीच," मीं म्हटलें.

"मग आधीं नाहीं का सांगायचं, भावजी!" असें म्हणून त्यांनीं डबी खालीं काढली.

डॉक्टरांना पुन्हां विचारून गोळी सुरू केली. हळदीचें दूधहि चालू आहे. अण्णा मला कधीं ओळखतात, कधीं शाळेचा शिपाई समजून घंटा वाजविण्यास सांगतात.