नक्कल की आपलं दुःख?

परवा खूप दिवसांनी इंटरपोलचा 'टर्न ऑन द ब्राइट लाइट्स' ऐकला. ऑगस्ट २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या या बँडचा पहिला अल्बम आला. समीक्षकांनी कौतुक केलं, पण मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचं नाव घेतल्याशिवाय परीक्षण संपेना. पॉल बँक्स म्हणे इयान कर्टिससारखा गातो! पिचफोर्कने मात्र त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं.

अनेकांना, मलाही, त्यात ११ सप्टेंबर २००१ नंतरचं उदास शहर ऐकू आलं. गंमत म्हणजे त्यातलं 'पीडीए' २००० सालीच येऊन गेलं होतं! मग ते दुःख आलं कुठून? बहुतेक आम्हा ऐकणाऱ्यांकडूनच.

२०१७ मध्ये बँडने हाच अल्बम पुन्हा पूर्ण वाजवला. नुसत्या नकलेची कोणी पंधरा वर्षं आठवण ठेवतं का?