सदाफुलीपासून मज्जारज्जूपर्यंत

अंजूरचे नाव इतिहासात येते ते गंगाजी नाईक अंजूरकर आणि १७३९ची वसई मोहीम यांच्यामुळे. इथे सांगायचा इतिहास मात्र या गावात कुणाच्याही अंगणात दिसणाऱ्या सदाफुलीपासून सुरू होतो.

सदाफुली मूळची मादागास्करची. १९५०च्या दशकाअखेर कॅनडात तिच्या पानांतून व्हिनब्लास्टिन निघाले, पाठोपाठ अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन. रक्ताच्या कर्करोगाने दगावणारी मुले जगू लागण्यात या औषधाचा मोठा वाटा आहे. पण ते पेशीतल्या ज्या सूक्ष्मनलिका मोडून कर्करोग रोखते, त्याच नलिकांवरून मज्जातंतूंतली वाहतूक चालते. सर्वांत लांब तंतू आधी दुखावतात : पायाची बोटे, मग हाताची. पुढे सिसप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल या औषधांनीही तीच आग, त्याच मुंग्या मागे ठेवल्या. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार पुरे करून भिवंडीला परतलेल्या यंत्रमाग कामगाराला तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येत नसेल, तर तो बरा झाला असे कसे म्हणायचे?

वेदनेवर विजेचा उतारा जुना आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस पायाच्या दुखण्यावर विजेचा धक्का देणारा जिवंत मासा पायाखाली ठेवायला सांगे. १९६५मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी त्याला शास्त्रीय बैठक दिली : स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेचे दार लोटतात. लागलेली जागा आपण चोळतो, ती म्हणूनच. १९६७मध्ये अमेरिकेत नॉर्मन शिली यांनी मज्जारज्जूवर विजेची तार बसवली. तो पहिला रुग्ण कर्करोगाचाच होता.

पुढे मात्र कर्करुग्ण या इतिहासात मागे पडला. संशोधन पाठीच्या फसलेल्या शस्त्रक्रियांकडे वळले. मधुमेही मज्जातंतुवेदनेसाठी २०२१मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. किमोथेरपीनंतरच्या वेदनेबाबत मोठ्या चाचण्या नाहीत, २००४च्या दोन रुग्णांच्या अहवालासारख्या सुट्या नोंदी आहेत. सुईवाटे तारा सरकवून काही दिवस आराम पडतो का ते पाहतात, मगच कातडीखाली बॅटरी बसवतात. खर्च लाखांत जातो. वेदना उतरली, तरी हरवलेला स्पर्श या तारेने परत येईलच असे नाही.

रोग गेला, एवढीच नोंद आपण आजवर ठेवत आलो. रुग्णाच्या बोटांचे काय झाले, हेही त्याच कागदावर यायला हवे. उपायाचा शोध तिथूनच सुरू होईल.