हातची भेट

गेल्या नाताळाआधी भिलाईतल्या एका चर्चच्या महिला मंडळाचे चार पानी हिंदी पत्रक माझ्याकडे मराठीत करायला आले. मंडळातल्या काही वयस्क बायका मूळच्या विदर्भातल्या, त्यांना ते मराठीत हवे होते. विषय साधा होता: आपल्या माणसांसाठी घरच्या घरी, थोड्या खर्चात करता येतील अशा भेटी. जुन्या साडीच्या काठाची पुस्तकखूण, रुमालाच्या कोपऱ्यावर टाक्यांनी काढलेले आद्याक्षर, भाजून कुटलेल्या मसाल्याची पुडी, जाड कागदावर हाताने उतरवलेले एखादे स्तोत्र. तासाभराचे काम. पण अशा पत्रकांमागे मोठा इतिहास आहे, आणि तो या पुड्या-रुमालांइतका गोड नाही.

त्याची सुरुवात बहुधा यापोच्या टबीथेपासून धरावी. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात ती भेटते. लूक तिचे अरामी नाव सांगतो आणि लगेच त्याचे ग्रीक रूप देतो: दुर्कस, म्हणजे हरिणी. (मूळ लेखकच मजकुरात थांबून भाषांतर करतो तेव्हा आम्हा भाषांतरकारांना उगाच बरे वाटते.) टबीथा मरण पावते, पेत्राला बोलावणे जाते, आणि माडीवर जमलेल्या विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवतात. इथल्या ग्रीक क्रियापदाच्या रूपावरून काही भाष्यकार म्हणतात की ते कपडे त्यांच्या अंगावरच होते. मला हे पटते. टबीथेचे एकही वाक्य लूकने नोंदवलेले नाही. तिची साक्ष म्हणजे तिने घातलेले टाके.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी चर्चांमधून ‘डॉर्कस सोसायटी’ निघाल्या. बायका जमून गरिबांसाठी कपडे शिवीत. भारतातल्या मिशनांच्या मुलींच्या शाळांतही शिवण-विणकाम आले. या कामाला नावे ठेवायची नाहीत. थंडीत कुडकुडणाऱ्याला कपडा मिळाला हे खरेच. पण त्यात हात दोन तऱ्हेचे झाले, एक शिवणारा आणि एक पसरलेला.

आपल्याकडे शेजारधर्माची रीत वेगळी: आलेले ताट रिकामे परत पाठवायचे नाही. भिलाईत ती मी लहानपणापासून पाहिली. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, फेब्रुवारी 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि सेक्टरांतल्या क्वार्टरांमध्ये केरळपासून पंजाबपर्यंतची माणसे भिंतीला भिंत लावून राहू लागली. सगळेच बाहेरून आलेले. नाताळात मल्याळी घरातून केक यायचा, त्याच बशीत आईच्या करंज्या जायच्या. ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणत द्यायचे, पण द्यायचे दोन्ही बाजूंनी. मराठीत ‘भेट’ म्हणजे वस्तूही आणि गाठही. हिंदीतल्या ‘भेंट’मध्येही हे दोन्ही अर्थ आहेत.

पण जिच्याकडे परत पाठवायला बशीच नाही, तिचे काय? हा प्रश्न 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंसमोर उभा राहिला. त्या मध्य प्रांतात गेल्या. आजच्या भिलाईची जमीनही तेव्हा त्याच प्रांतात होती. तिथून त्यांनी शेकडो उपासमारीने खंगलेल्या मुली आणि विधवा आणल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन वाढत गेले. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलीही आल्या.

रमाबाईंनी अन्न-वस्त्र दिले, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. विणकाम, शिवण, तेलघाणा, गोठा, शेती, छापखाना: प्रत्येकीच्या हाताला काम हवे हा त्यांचा आग्रह. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन होते. येशूने ज्याला दृष्टी दिली त्या आंधळ्या भिकाऱ्याचे, बार्तीमयाचे नाव त्याला दिलेले. रमाबाईंची मुलगी मनोरमा परदेशात ब्रेल शिकून आली आणि ती लिपी तिने या मुलींच्या बोटांखाली आणली. टबीथेच्या गोष्टीतल्या विधवा कपडे घेणाऱ्या आहेत. केडगावच्या विधवा कपडे शिवणाऱ्या झाल्या. शिस्त कडक होती आणि धर्मांतराबद्दल रमाबाईंवर पुण्यात टीकेची झोड उठली होती, हेही विसरायचे नाही. तरीही, काल जिला वाढले तिच्या हातात आज सुई किंवा खिळा देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

खिळा म्हणजे छापखान्यातला. रमाबाईंची सर्वांत मोठी हातची भेट याच खिळ्यांतून निघाली. प्रचलित मराठी बायबल अशिक्षित बायकांना जड जाते, त्यात संस्कृत शब्दांची गर्दी आहे, असे त्यांचे मत होते. म्हणून त्या पिकत्या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि दीड दशकाहून अधिक काळ मुळावरून सोपे मराठी करीत राहिल्या. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटले, तीच बाई आता आपल्या वाक्यांतून संस्कृत उपसून काढत होती. हे संस्कृत तिला तिच्या आईने जंगलात, पहाटे, पाठांतराने दिले होते. आईच्या हातची ती भेट बाजूला ठेवून दुसऱ्या बायकांसाठी भेट घडवायची, यात किती काही मोडले असेल, हे भाषांतर करणाऱ्याला थोडेफार कळते. आपल्याला सर्वांत सहज सुचणारा शब्द टाकून वाचणारीचा शब्द शोधणे, दररोज, पानापानावर.

ती भेट फारशी घेतली गेली नाही. मराठी चर्चांमध्ये बायबल सोसायटीची आवृत्तीच चालत राहिली. रमाबाईंच्या भाषांतराकडे आज अभ्यासक अधिक वळतात, आणि ज्या बायकांसाठी ते केले त्यांच्या घरात ते क्वचितच दिसते. मला वाटते, एकटीच्या हातचे असणे हेच त्याचे बळ आणि हीच त्याची अडचण. समितीने केलेल्या मजकुराला संस्थेचा आधार असतो. एकटीचा मजकूर तिच्याबरोबर थकतो.

मनोरमा 1921 मध्ये गेली. रमाबाई मागे राहिलेली मुद्रिते तपासत राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. बायबल मुक्तीच्या छापखान्यातून 1924 साली बाहेर पडले. खिळे जुळवणाऱ्या मुली होत्या.