नवशिक्याने कोणते लिनक्स निवडावे? इतिहासाचे उत्तर

१/७
विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सातारा-सांगलीकडील एखाद्या विद्यार्थ्याचा जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नसेल, तर तो भंगारात न काढता त्यावर लिनक्स बसवता येते. परंतु लिनक्सची रूपे शेकडो. त्यांतून निवड कशी करावी?

२/७
ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची वार्ता दिली. तो केवळ गाभा होता. त्याला इतर प्रोग्रॅमची जोड देऊन सिद्ध केलेल्या संचाला ‘डिस्ट्रो’ म्हणतात. १९९३ मधील स्लॅकवेअर आणि डेबियन आजही टिकून आहेत.

३/७
आरंभीचे संच जाणकारांनी जाणकारांसाठी घडवले होते. हार्ड डिस्कचे विभाग स्वतः पाडावे लागत. एक पायरी चुकली की जुनी माहिती पुसली जाई. नवशिक्याची भीती अनाठायी नव्हती.

४/७
ही भीती दूर केली ‘लाइव्ह सीडी’ने. क्लाउस क्नॉपर यांच्या ‘क्नॉपिक्स’ने हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स चालवून पाहण्याची पद्धत रुजवली. ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनवर आधारित उबुंटू आले. त्याच्या सीडी २०११ पर्यंत टपालाने विनामूल्य मिळत. २००६ मध्ये लिनक्स मिंट आले.

५/७
भारतात सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांना, मराठीलाही, स्थान देणारी डिस्ट्रो घडवली. केरळने शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणताना शिक्षकांनाही प्रशिक्षण दिले. अडल्यास विचारायला माणूस शाळेतच होता.

६/७
सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप’ हे विद्यार्थ्यांचे मंडळ आहे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढले. तेथील स्वावलंबन एकट्याचे नव्हते. नाना जातींची मुले एकत्र राहून स्वतःची कामे करत.

७/७
म्हणून ‘सर्वांत उत्तम डिस्ट्रो कोणती?’ यापेक्षा ‘आपल्या ओळखीत कोण कोणती वापरतो?’ हा प्रश्न आधी विचारावा. कोणीच नसेल, तर मिंट किंवा दीर्घ पाठिंब्याची उबुंटू घ्यावी. यंत्र दुबळे असल्यास मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर व मराठी टंकलेखन तपासावे. हार्ड डिस्कवर बसवण्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवावी. ती पायरी आजही चुकू शकते.