'किती देते?' हा प्रश्न आपल्याकडे आला कुठून

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून इनबॉक्समध्ये 'दादा, कुठली गाडी घेऊ?' हे मेसेज वाढलेत. विचारणारी बहुतेक विशीतली पोरं. वाळूजला कंपनीत लागलेली, गंगापूर-वैजापूरकडून रोज ये-जा करणारी, आणि गिअरची गाडी नुकतीच हातात आलेली. कुठलीही गाडी सुचवा, पुढचा प्रश्न एकच असतो. किती देते?

प्रश्न चुकीचा नाही. पण गाडी घेताना आपल्याला हा एकच प्रश्न का सुचतो? त्यामागे साठेक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा दिल्लीच्या फायलींमध्ये घडलाय.

सुरुवातीला प्रश्न विचारायची सोयच नव्हती. बजाजला दुचाकी बनवायचं लायसन्स मिळालं १९५९ साली. इटलीच्या पियाजिओशी करार करून आकुर्डीत व्हेस्पा बनू लागल्या. तो करार संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. पण कारखान्याने वर्षाला किती स्कूटरी बनवायच्या हे ठरवायचं सरकार! मागणी डोंगराएवढी आणि कोटा मुठीएवढा. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, काही ठिकाणी दहा-दहा वर्षं. बुकिंगची पावती म्हणजे सोनंच, ती जास्त पैसे देऊन विकली जायची. अशा वेळी 'मला कुठली गाडी सोयीची?' असं कोण विचारणार? जी मिळेल ती.

मोटारसायकली तेव्हा तीनच घराण्यांच्या. मद्रासची एनफिल्ड बुलेट, म्हैसूरची जावा (पुढे येझदी) आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. बुलेट फौजदार आणि बागायतदाराची. राजदूत दूधवाल्यांची, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली. तिची जाहिरात धर्मेंद्र करायचा, आणि १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात तिचं छोटं भावंड झळकलं होतं. मास्तर, ग्रामसेवक, पोस्टमन यांच्या वाट्याला आली लुना. तीही १९७२ चीच. फिरोदियांची ही ५० सीसी मोपेड आपल्या शेजारच्या नगरच्या कारखान्यात बनायची. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी. माझ्या मते या देशातली खरी पहिली 'कम्युटर' गाडी लुनाच, पण तिला तो मान कोणी दिला नाही. असो.

मग १९८० चं दशक आलं. सरकारने परदेशी कंपन्यांशी भागीदारीला परवानगी दिली, ती लहान इंजिनांना, १०० सीसीपर्यंत. लगेच जपानी कंपन्या रांगेने आल्या. सुझुकीच्या साथीने टीव्हीएसची एएक्स १००, यामाहाच्या साथीने एस्कॉर्ट्सची आरएक्स १००, कावासाकीच्या साथीने बजाजची केबी १००, होंडाच्या साथीने हिरोची सीडी १००. सगळ्यांच्या नावापुढचा शंभरचा आकडा हा योगायोग नाही. भारतातल्या माणसाला १०० सीसीच पुरते असं कुठल्या इंजिनिअरने मोजून सांगितलं नव्हतं. परवानगीची ती रेघ होती. नंतर आपल्याला तीच सवय झाली.

या चौघींपैकी तिघी टू-स्ट्रोक. पेट्रोलसोबत ऑईलही जाळायच्या, मागे निळा धूर सोडायच्या, पण उचल अशी की अंगावर काटा. आरएक्स १०० साठी आजही हळहळणारे आपल्या ग्रुपमध्ये आहेत, हे मला माहीत आहे. चौथी सीडी १००. १९८५ ची, फोर-स्ट्रोक, सत्त्याण्णव सीसीची, दिसायला साधी आणि आवाजाने भित्री. पण तिने एक गोष्ट केली. 'टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा' अशा अर्थाची जाहिरात घेऊन ती आली आणि खरंच विसरता येऊ लागलं. पगारदार माणसाला पहिल्यांदाच महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब आधीच मांडता आला.

'किती देते?' हा प्रश्न इथे जन्मला. टंचाईत वाढलेल्या पिढीला तो लगेच पटला. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. नव्वदचं दशक संपता संपता मोटारसायकलींनी स्कूटरला मागं टाकलं, आणि २००१ मध्ये हिरो होंडा जगातली सगळ्यात मोठी दुचाकी कंपनी झाली. बजाजने पुढे स्कूटर बनवणंच बंद केलं. (इलेक्ट्रिक चेतक खूप नंतरची.) जुन्या टू-स्ट्रोक गाड्या २००० च्या प्रदूषण नियमांपुढे टिकल्या नाहीत. स्प्लेंडर मात्र राहिली. लग्नात नवरदेवाला 'द्यायची' गाडीही तीच झाली. हुंड्याच्या यादीत गाडीचं नाव लिहिणाऱ्यांविषयी वेगळं लिहायला हवं, आज नको.

आपल्या भागाचा धागाही इथेच आहे. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. ज्या पोरांच्या घरात सायकलही नव्हती, ती मोटारसायकलचे नटबोल्ट आवळू लागली. पहिल्या पक्क्या पगारावर घेतलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे गाडी. तिच्यामुळे मुक्काम गावात आणि नोकरी एमआयडीसीत हे जमू लागलं. एसटीच्या वेळा आणि शिफ्टच्या वेळा कधी जुळल्यात का? म्हणजे गाडी ही हौस नाही, नोकरीचंच साधन आहे. म्हणून निवड नीट व्हायला हवी.

आता जे दोन प्रश्न त्या इतिहासात सुटून गेले त्यांच्याकडे येतो. पहिला वजनाचा. २००१ च्या शेवटी पल्सर आली, १५० आणि १८० सीसी, आणि शंभरची रेघ पोरांच्या डोक्यातून पुसली गेली. त्यात वाईट काही नाही. पण सीसी हा मानाचा आकडा झाला. नवशिक्याला खरा त्रास देतो तो किलोचा आकडा. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, शाईन १०० शंभर किलोच्या आतबाहेर, पल्सर १५० दीडशेच्या घरात, आणि आजची बुलेट ३५० तब्बल १९५ किलो. धावताना वजन कळत नाही. ते कळतं सिग्नलला, चिखलात, पार्किंगमध्ये गाडी मागे ढकलताना आणि मागे आई बसलेली असताना. दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, हे शोरूममध्ये गाडीवर बसून, स्टँड काढून बघा. जुलै २०२४ मध्ये बजाजची सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ आली. पेट्रोलच्या भावापुढे कल्पना फार चांगली. पण ती दीडशे किलोच्या जवळपास आणि सीट ८२५ मिलिमीटर उंच. स्प्लेंडरची सीट ७८५. पाच फूट तीन इंचाच्या नवशिक्याला हा चार सेंटिमीटरचा फरक रोज जाणवेल.

दुसरा प्रश्न ब्रेकचा, आणि माझ्या लेखी हाच मोठा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे. बातमीत चार ओळी येतात, 'दुचाकीस्वार जागीच ठार'. गाडीला ब्रेक कसला होता, हे ना पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये येतं ना गावातल्या चर्चेत.

आपल्याकडे गाडी शिकवणारा मामा किंवा चुलतभाऊ पहिला धडा देतो, 'पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील.' हा धडा लुना-राजदूतच्या काळातल्या खडीच्या रस्त्यांवरचा. वाळूवर, ओल्या मातीवर तो अजून थोडाफार खरा आहे. पण डांबरी रस्त्यावर ब्रेक लावला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि गाडी थांबवायचं जास्तीचं काम तेच चाक करतं. फक्त मागचा दाबला तर चाक जाम होऊन गाडी घसरत जाते. पुढच्या ब्रेकची भीती अशी पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली, आणि कंपन्यांनीही स्वस्त गाड्यांना वर्षानुवर्षं दोन्हीकडे ड्रमच दिले. अ‍ॅव्हरेजच विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला डिस्क कशाला द्यायचा?

यावर सरकार हललं ते फार उशिरा. १ एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या दुचाक्यांना नियम लागला. १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं. १२५ आणि त्याखाली किमान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा लागतो. एबीएसमध्ये चाक जाम होऊ लागलं की ब्रेक आपोआप सुटतो-लागतो, गाडी सरळ राहते. या नियमातही रेघ आहेच, शंभरऐवजी सव्वाशेची. आणि सगळ्यात जास्त लोक ज्या गाड्यांवर कामाला जातात त्या रेघेच्या खालच्या बाजूला. २०२५ मध्ये सरसकट एबीएसचा मसुदा निघाला, तेव्हा किंमत वाढेल अशी ओरड झाली. किंमत वाढते हे खरंच. पण गंगापूर-वाळूज रस्त्यावर रात्री उसाची बिनलाईटची ट्रॉली अचानक समोर येते तेव्हा ते पैसे आठवणार नाहीत.

त्यामुळे रोजचं रनिंग चाळीस-पन्नास किलोमीटर, त्यात हायवे, आणि चालवणारा नवीन असेल तर माझं मत पुढे डिस्क असलेली १२५. गावातल्या गावात, शेत ते बाजार असेल तर हलकी १०० भरपूर झाली. दीडशेच्या पुढचं वर्षभर हात बसल्यावर बघा. अ‍ॅव्हरेजमध्ये १०० आणि १२५ चा फरक पडतो, पण महिन्याचा हिशेब कागदावर मांडून बघा. चहा-पुडीच्या खर्चाएवढाही निघत नाही बऱ्याचदा.

मुलींविषयी एक ओळ लिहिलीच पाहिजे. आपली कम्युटर मोटारसायकल घडली ती पुरुष पुढे आणि साडीतली बाई मागे, हे गृहीत धरून. साडीगार्ड त्याचाच पुरावा. पुढे बसायला बायकांना किनेटिक होंडा, स्कूटी, मग २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा यावी लागली. आज नर्सिंगच्या आणि बँकेच्या नोकरीला जाणाऱ्या पोरी गिअरची गाडी मागतात तेव्हा घरचे हसतात. हसू नका. फक्त लायसन्सवर 'विथ गिअर' आहे का बघा, विनागिअरचं लायसन्स मोटारसायकलला चालत नाही.

आणखी एक बदल गॅरेजवाल्यांना विचारून लिहितोय. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. चोक ओढायची कटकट संपली. पण पूर्वी फाट्यावरचा मेस्त्री प्लग साफ करून गाडी चालू करून द्यायचा, आता सेन्सर बिघडला तर मशीन लावून बघावं लागतं. म्हणून गाडी निवडताना तिचं सर्व्हिस सेंटर आपल्यापासून किती लांब आहे, हेही विचारात घ्या.

स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, हे सांगायला २०१७ चा मार्च पुरे. सुप्रीम कोर्टाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री बंद केली आणि शेवटच्या दोन दिवसांत शोरूमपुढे झुंबड उडाली. हजारो रुपयांची सूट. जो मॉडेल हाताला लागेल तो घेतला लोकांनी. पुन्हा तेच, मिळेल ती गाडी!

ज्यांचं बजेट नाही त्यांनी जुनी घ्यायला हरकत नाही. नवशिक्याची गाडी एक-दोनदा पडतेच, जुनीवर ओरखडा गेला तर जीव जळत नाही. पण घेताना ती २०१९ नंतरची बघा म्हणजे सीबीएस असेल. टायर आणि पुढच्या सस्पेन्शनची ऑईल गळती तपासा. आणि आरसी नावावर करून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या घेऊन आरटीओत देईपर्यंत व्यवहार पुरा झाला असं समजू नका. नुसत्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन चार-चार वर्षं फिरणाऱ्या गाड्या आपल्या तालुक्यात भरपूर आहेत. उद्या अपघात झाला की नोटीस जुन्या मालकाच्या दारात जाते आणि विम्याचं भांडण वर्षानुवर्षं चालतं.