द्विप्रणाली संगणक-जालातील पत्ते व संपर्कपरीक्षण

द्विप्रणाली संगणक-जाल : ज्या जालातील यंत्रे आयपी प्रोटोकॉलच्या चौथ्या व सहाव्या अशा दोन्ही आवृत्त्यांनुसार एकाच वेळी संदेशवहन करू शकतात, त्यास द्विप्रणाली जाल म्हणतात. अशा यंत्रास दोन स्वतंत्र पत्ते असतात व दूरच्या स्थानकाकडे जाण्याच्या दोन स्वतंत्र वाटा असतात. एक वाट बंद पडली तरी दुसरी काम करीत राहते. त्यामुळे ‘जाल चालू आहे’ एवढ्यावरून दोन्ही वाटा सुस्थितीत आहेत असे ठरत नाही. [⟶ संगणक].

पत्ता आणि वाट या भिन्न गोष्टी आहेत, हे आरंभी स्पष्ट नव्हते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट या शैक्षणिक व संशोधन जालाचे काम हाती घेतले. मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील आयआयटी यांच्यात दूरध्वनीच्या तारेवरून पत्रांची ने-आण सुरू झाली, ती या जालाची पहिली पावले होत. त्या काळी वापरात असलेल्या यूयूसीपी पद्धतीत पत्ता म्हणजे वाटेचीच यादी असे. पत्र ज्या ज्या यंत्रांतून जावयाचे त्यांची नावे क्रमाने, मध्ये उद्‌गारचिन्हे घालून, लिहावी लागत. मधले एखादे यंत्र बंद असले की पत्र तेथेच पडून राही, आणि ते नेमके कोठे अडले हे पाठविणाऱ्यास सहसा कळत नसे. ‘इन’ या भारतीय नामक्षेत्राची व्यवस्थाही २००५ पर्यंत जुहूच्या या केंद्राकडे व त्याचे ज्या संस्थेत विलीनीकरण झाले त्या सी-डॅककडे होती.

आयपी प्रोटोकॉलने पत्त्याची वाटेपासून फारकत केली. त्याच्या १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असून एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते संभवतात. अमेरिकेतील अर्पानेट या जालाने १ जानेवारी १९८३ रोजी जुनी पद्धत सोडून ही स्वीकारली. यंत्रे काही शेच असल्याने सर्वांचे स्थलांतर एका दिवसात होऊ शकले. तेव्हा पत्त्यांची वाटणी सढळ हाताने झाली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एका संस्थेकडे १,६७,७७,२१६ पत्ते आले व २०१७ पर्यंत ते बहुतांशी तिच्याकडेच होते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. उशिरा आलेल्या या देशाच्या वाट्याला पुढे सुमारे साडेतीन-चार कोटीच पत्ते आले. लोकसंख्येच्या मानाने ही वाटणी न्याय्य होती, असे म्हणता येणार नाही. जागतिक साठ्यातील अखेरचे संच ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले.

टंचाईवरील दोन उपायांपैकी एक म्हणजे पत्ता-रूपांतर. यात अनेक यंत्रे खासगी पत्ते धारण करून एका सार्वजनिक पत्त्याआड राहतात. दुसरा उपाय म्हणजे १२८ बिटांच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती. तिचा पहिला मसुदा डिसेंबर १९९५ मध्ये आला. दोन्ही आवृत्त्या परस्परांशी थेट बोलू शकत नाहीत, आणि एव्हाना यंत्रे इतकी वाढली होती की १९८३ सारखा एक दिवस ठरविणे अशक्य होते. म्हणून दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी चालविण्याचा तोडगा निघाला. तो तात्पुरता मानला गेला होता. पाव शतक उलटूनही तो टिकून आहे. भारताच्या दूरसंचार विभागाने संक्रमणाचा आराखडा २०१० मध्ये काढला. त्यातील मुदती पुढे वारंवार वाढवाव्या लागल्या.

संपर्क तपासण्याचे सर्वपरिचित साधन ‘पिंग’ हे माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधण्यासाठी सोडलेल्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून त्यांनी हे नाव घेतले. पाठविलेली हाक परत येते की नाही व किती वेळाने येते, एवढेच ते सांगते. वाटेतील टप्पे दाखविणारे ‘ट्रेसराउट’ हे व्हॅन जेकबसन यांनी १९८७ मध्ये तयार केले.

द्विप्रणाली जालात परीक्षणाची सुरुवात यंत्राच्या स्वतःच्या पत्त्यांपासून होते. चौथ्या आवृत्तीचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या यंत्राकडून उत्तर मिळालेले नसून यंत्राने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे. सहाव्या आवृत्तीत ‘एफई८०’ ने सुरू होणारा पत्ता मात्र नेहमीच असतो. तो त्या दुव्यापुरताच चालतो. बाहेर जाण्यास २ किंवा ३ ने सुरू होणारा पत्ता लागतो. नवख्यांची गल्लत बहुधा येथेच होते. त्यानंतर जवळचा राउटर, दूरचे स्थानक अंकी पत्त्याने आणि अखेर तेच स्थानक नावाने, अशा क्रमाने हाक द्यावी, आणि हा सारा क्रम प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा करावा. अंकाने उत्तर येऊन नावाने न आल्यास दोष वाटेत नसून नामकोशात असतो.

वेगळी तपासणी आवश्यक होण्यास एक सुधारणाच कारणीभूत झाली. पूर्वी न्याहाळक प्रथम सहावी वाट धरीत, व ती तुटलेली असल्यास वापरणारा कित्येक सेकंद खोळंबून राही. २०१२ मध्ये ‘हॅपी आयबॉल्स’ नावाची युक्ती प्रमाणित झाली. तिच्या २०१७ च्या सुधारित रूपानुसार पाव सेकंदात प्रतिसाद न आल्यास दुसरी वाटही चाचपली जाते. खोळंबा गेला, पण त्याबरोबर दोषाची खूणही गेली. सहावी वाट महिनोन् महिने बंद असूनही कोणास पत्ता लागत नाही, आणि ज्या दिवशी चौथी बंद पडते त्या दिवशी दोन्ही नाहीत असे आढळते.

वाट अर्धवट तुटलेली असल्यास ही युक्तीही निरुपयोगी ठरते. सहाव्या आवृत्तीत मोठ्या पॅकेटचे तुकडे वाटेतील राउटर करीत नाहीत. ‘पॅकेट फार मोठे आहे’ असा निरोप ते मूळ यंत्रास धाडतात. सुरक्षिततेच्या अतिरेकी कल्पनेने एखाद्या व्यवस्थापकाने असे निरोप रोखल्यास छोटी हाक परत येते, जोडणीही होते, पण मोठे पान निम्मे उमटून थांबते. डहाणू-तलासरीकडील झरी या, १९४५ च्या वारली उठावाच्या आरंभीच्या सभेमुळे परिचित असलेल्या, गावासारख्या ठिकाणी पाड्यावरून दाखल्यासाठी आलेल्या माणसाला त्या दिवशी रिकाम्या हाताने परतावे लागेल, आणि कचेरीतील पिंगची चाचणी मात्र निर्दोष दिसेल. म्हणून १,२८० बाइटांहून मोठी हाक देऊन पाहणे हा परीक्षणाचा भागच मानला पाहिजे.

पत्ते निर्दोष असूनही दुवाच नसेल, तर परीक्षण पहिल्या पायरीवरच संपते. पालघर भागात खामलोली व आसपासच्या गावांत मुंबई आयआयटीच्या अभय करंदीकर व सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील रिकाम्या लहरींवरून जोडणीचा प्रयोग केला. या लहरी झाडीतून व उंचसखल भागातून तुलनेने चांगल्या जातात. त्याच संस्थेच्या ‘ग्राममार्ग’ या प्रकल्पास २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले. असे जाल बिनतारी टप्प्यांच्या साखळीने बनत असल्याने त्यात ट्रेसराउटचे महत्त्व पिंगहून अधिक असते.

मोबाइल जालांत द्विप्रणालीचे रूप पालटले आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जालात फोनला प्रत्यक्षात सहाव्या आवृत्तीचाच पत्ता मिळतो, आणि जुन्या स्थानकांसाठी फोनमध्ये व जालात अशी दोनदा रूपांतरे होतात. अशा फोनवर दिसणारा १९२.०.० ने सुरू होणारा पत्ता फोनच्या आतच वापरला जातो. त्यावरून चौथ्या आवृत्तीची वाट उपलब्ध असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. तेथे रूपांतर करणारे यंत्र उत्तर देते की नाही, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.